कोर्ट कोणाचं? बास्केटबॉलची एकशे तीस वर्षं आणि आपला शेलू-कर्जत पट्टा

मंडळी, पोस्ट लांब आहे. गाडी पकडायच्या घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, बदलापूरच्या पुढे डबा रिकामा झाला की निवांत वाचा.

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली की नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी नावं द्या. कबड्डी (मुले/मुली), खो-खो (मुले/मुली), व्हॉलीबॉल (मुले/मुली), बास्केटबॉल (मुले/मुली). प्रत्येक खेळापुढे कंसात दोन शब्द आणि मध्ये एक तिरकी रेघ. कागदावर दोन्ही बाजू सारख्या. प्रत्यक्षात रेघेच्या अलीकडची यादी पटकन भरते. पलीकडची भरायला सरांना वर्गावर्गांत फिरावं लागतं, आणि कधी कधी संघ पूर्णच होत नाही.

मग आपण म्हणतो, "मुलींना आवडच नाही हो." हे वाक्य आपण फार सहज बोलतो. आज त्या तिरक्या रेघेचा इतिहास सांगायचाय. तो वाचून झाला की हे वाक्य टिकतं का ते तुम्हीच ठरवा.

आपण रायगडकर म्हणजे कबड्डीवाले. मग बास्केटबॉल कशाला? दोन कारणं आहेत. एक, हा खेळ कॉलेजात जन्मला आणि कॉलेजांनीच वाढवला, त्यामुळे मुलांचा संघ आणि मुलींचा संघ यांच्यातला फरक कसा पडत गेला ते त्यात तारीखवार दिसतं. दुसरं, शेलू, नेरळ, कर्जत, खोपोली या पट्ट्यातल्या नव्या गृहसंकुलांच्या जाहिराती बघा. स्विमिंग पूल, क्लब हाऊस आणि बास्केटबॉल कोर्ट. चित्रात रिंग असते, गेट असतं आणि गेटवर वॉचमन असतो. गेटच्या बाहेरच्या गावातल्या पोरापोरींना ती रिंग कुंपणावरून दिसते, एवढंच. हा खेळ मुळात असा गेटबंद नव्हता. आपल्या मुंबईत तर नव्हताच नव्हता.

हिवाळ्यावरचा उपाय

डिसेंबर १८९१. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव, मॅसॅच्युसेट्स राज्य. तिथे वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती आणि जेम्स नेस्मिथ नावाचे कॅनडात जन्मलेले एक तरुण शिक्षक होते. बाहेर बर्फ पडलेला, मैदानी खेळ बंद. हॉलमध्ये नुसती कवायत करून पोरं कंटाळलेली. नेस्मिथना सांगण्यात आलं की बंद जागेत खेळता येईल असं काहीतरी काढा.

त्यांनी पीच या फळाच्या दोन टोपल्या घेतल्या आणि हॉलच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा जमिनीपासून १० फूट उंच होता, म्हणून टोपली १० फुटांवर आली. आजही जगभर रिंग १० फुटांवरच असते. चेंडू फुटबॉलचा. वर्गात १८ जण, म्हणून ९ विरुद्ध ९. नियम १३.

यातली एक गोष्ट आपल्या पट्ट्यासाठी लक्षात ठेवा. हा खेळ निघाला तो बाहेर खेळता येत नव्हतं म्हणून. त्यांना हिवाळ्याने अडवलं होतं. आपल्याला पावसाळा अडवतो, तोही चार महिने. याकडे पुढे परत येऊ.

भिंतीआडचा खेळ

स्प्रिंगफील्डपासून जवळच नॉर्थॅम्प्टन गावात मुलींचं स्मिथ कॉलेज होतं. तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी या नव्या खेळाबद्दल वाचलं आणि काही महिन्यांतच तो आपल्या मुलींना शिकवायला सुरुवात केली. २२ मार्च १८९३ ला तिथे दोन वर्गांमध्ये सामना झाला. मुलींचा पहिला कॉलेज सामना म्हणून तो ओळखला जातो. बेरेन्सन बाईंनी सुरुवातीला चेंडू वर फेकला तेव्हा एका कप्तान मुलीच्या हाताला धक्का लागला आणि तिचा खांदाच निखळला. तरी सामना थांबला नाही. मोठ्या वर्गाने तो ५-४ असा जिंकला. पुरुष प्रेक्षकांना मात्र आत प्रवेश नव्हता.

म्हणजे खेळ निघाल्यावर सव्वा वर्षात मुली तो खेळत होत्या. आवड नव्हती असं कोण म्हणेल? पण त्यांच्यासाठी नियम वेगळे केले गेले. कोर्टाचे तीन भाग पाडले. जी मुलगी ज्या भागात उभी, तिने तिथेच राहायचं, रेघ ओलांडायची नाही. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. चेंडू ३ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही. कारण असं दिलं गेलं की बाईच्या जातीला इतकी पळापळ झेपणार नाही आणि शोभणारही नाही.

इथे बेरेन्सन बाईंवर राग काढण्यात अर्थ नाही. त्या काळात मुलींना खेळू द्यायचं तर असंच काहीतरी पुढे करावं लागत होतं. नाहीतर दारच उघडलं नसतं. पण तात्पुरती म्हणून घातलेली रेघ पिढ्यान् पिढ्या राहते. तिकडे मुलींचे संघ पूर्ण कोर्टावर पाच विरुद्ध पाच खेळू लागायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

मधल्या काळातला एक किस्सा सांगतो. १८९६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुलींचा सामना झाला. दोन विद्यापीठांच्या मुलींमधला तो पहिलाच मोठा सामना. हॉलमध्ये शेकडो बायका बघायला आल्या होत्या आणि पुरुषांना बंदी होती. स्टॅनफर्डच्या मुली २-१ ने जिंकल्या. आणि बक्षीस काय मिळालं? तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, स्टॅनफर्डने मुलींच्या आंतरकॉलेज सामन्यांवर बंदी घातली. संघ तयार होता, प्रेक्षक होते, जिंकायची सवयही लागली होती. तरी वरून एक निर्णय झाला आणि हंगाम संपला.

नागपाड्याचं उघडं दार

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ मध्ये. त्यांच्या इथल्या कामाचं नावच पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' पडलं. १८४२ मध्ये सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे त्यांचंच नियतकालिक. या मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट १९२० च्या दशकात मुंबईत आले आणि नागपाड्यात त्यांनी 'नागपाडा नेबरहूड हाऊस' उभं केलं. वस्तीच्या मधोमध, वस्तीतल्या लोकांसाठी चालवलेलं घर. गिरणी कामगार, गोदीतले मजूर, छोटे धंदेवाले, निरनिराळ्या धर्मांचे लोक आजूबाजूला राहत होते. याच घरात १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तीच आज देवनारला असलेली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस.

बास्केटबॉल भारतात आणण्यात वायएमसीएचा हात मोठा. १९२० मध्ये मद्रासला हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. तिथे शिकलेले शिक्षक देशभर गेले आणि खेळही त्यांच्याबरोबर गेला. १९३४ मध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० मध्ये राष्ट्रीय महासंघ झाला.

मुंबईत हा खेळ सर्वांत खोल रुजला तो नागपाड्यात. नेबरहूड हाऊसचं कोर्ट, मस्तान तलावाचं मैदान, मस्तान वायएमसीए. दाटीवाटीची वस्ती, घरं लहान, पोरं दिवसभर रस्त्यावर. क्रिकेटला जागा लागते, ती नव्हती. एक खांब, एक रिंग आणि एक चेंडू असला की दहा पोरं खेळतात. शिवाय कोर्टावर कोणी जात-धर्म-पावती विचारत नव्हतं. या गल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या राज्याचे आणि देशाचे खेळाडू निघाले. गुलाम अब्बास मुंतसिर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. नागपाड्याच्या या खेळाडूला १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्यांनी भारताचं कर्णधारपदही भूषवलं.

नागपाड्यात पैसा नव्हता, मोठं स्टेडियम नव्हतं. तीन गोष्टी होत्या. कोर्ट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, ते सगळ्यांना उघडं होतं आणि शिकवणारं कोणीतरी रोज तिथे हजर असायचं. खेळाडू तयार व्हायला लागतं ते एवढंच. आपल्या पट्ट्यात यातलं काय आहे याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या गावापुरता करून बघावा.

१९३६ चा पाऊस

ज्या वर्षी नागपाड्यात समाजकार्याची शाळा सुरू झाली, त्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालं. नेस्मिथ स्वतः बघायला गेले होते. सामने मात्र उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टांवर ठेवले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस आला. कोर्टाचा चिखल झाला, चेंडू टप्पा घेईना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. बर्फापासून वाचायला छपराखाली जन्मलेल्या खेळाची ही गंमत.

त्याच बर्लिनमध्ये आपली माणसंही होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९१४ मध्ये एका जिल्ह्याच्या गावी स्थापन झालेली संस्था बावीस वर्षांत बर्लिनला पोचली. गाव छोटं आहे म्हणून काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता बायकांचा हिशेब बघा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ ला आलं, महिलांचं १९७६ ला, माँट्रियलमध्ये. मध्ये ४० वर्षं. आशियाई स्पर्धांत पुरुषांचं १९५१ ला, म्हणजे दिल्लीतल्या पहिल्याच स्पर्धेत. महिलांचं १९७४ ला, तेहरानमध्ये. मध्ये २३ वर्षं. आपल्या लाडक्या कबड्डीचं काय? राष्ट्रीय स्पर्धा पुरुषांची १९५२ ला सुरू झाली आणि महिलांची १९५५ ला, म्हणजे फार उशीर नाही. पण आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० ला बीजिंगमध्ये आली आणि महिलांची थेट २०१० ला ग्वांगझूमध्ये. मध्ये २० वर्षं, आणि तीही आपल्या डोळ्यांदेखत गेलेली.

या वर्षांमध्ये मुली नव्हत्या का? होत्या. महाराष्ट्रात तर महिला कबड्डीचे तगडे संघ होते. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा जिंकलेल्या भारतीय संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या आपल्या तिघी होत्या. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली आणि दरवर्षी पुरुषांच्या लिलावाच्या बातम्या आपण चवीने वाचतो. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा ठेवली, आणि तेवढ्यावरच ती थांबली.

सदतीस शब्दांचा कायदा

अमेरिकेत चित्र पालटलं ते एका कायद्याने. २३ जून १९७२ ला तिथे एक शिक्षण कायदा झाला. त्यातलं नववं कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचं आहे. अर्थ साधा: ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिथे कोणालाही बाई आहे की पुरुष आहे यावरून वगळायचं नाही. त्या कलमात खेळाचं नावसुद्धा नाही. पण मैदान, प्रशिक्षक, प्रवासखर्च हे सगळं शिक्षणसंस्थेचंच असतं, म्हणून खेळही त्यात आला.

कायद्याच्या आधी तिथल्या हायस्कुलांत शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुली ३ लाखांच्याही आत होत्या आणि मुलं ३६ लाखांच्या वर. आज मुलींचा आकडा ३० लाखांच्या पुढे गेलाय. पन्नास वर्षांत मुलींची हाडं-स्नायू बदलले नाहीत. बदलली ती पैशाची वाटणी आणि मैदानाचं वेळापत्रक.

तिकडे दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं असतात. फी कमी, गावातलीच मुलं, बरीचशी नोकरी सांभाळून शिकणारी. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजांसारखीच म्हणा ना. या कॉलेजांची राष्ट्रीय क्रीडा संघटना १९३८ ची, पण तिचा महिला विभाग १९७५ चा, म्हणजे कायद्यानंतरचा. आता तिथे अनेक ठिकाणी एकाच संध्याकाळी, एकाच कोर्टावर आधी मुलींचा सामना होतो आणि लगेच मुलांचा. बस एक, प्रेक्षक तेच, बातमीही एकच. मुलांचा सामना बघायला लवकर आलेला माणूस आपोआप मुलींचा बघतो, आणि हळूहळू त्याला त्यांचीही नावं पाठ होतात. याला वेगळा पैसा लागत नाही, फक्त वेळापत्रक नीट लावावं लागतं.

रेल्वेची नोकरी

आपल्याकडे असा कायदा झाला नाही. आपल्याकडे मुलींना खेळात टिकवून धरलं ते नोकरीने, आणि त्यात सर्वांत पुढे रेल्वे. महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत वर्षानुवर्षं भारतीय रेल्वेचा दबदबा राहिलाय. कारण उघड आहे. पंचविशीनंतरही मुलगी खेळत राहायची असेल तर घरच्यांना उत्तर द्यावं लागतं की यातून काय मिळणार. रेल्वेने त्या प्रश्नाला पगाराचं उत्तर दिलं.

महिलांमध्ये बास्केटबॉलचा अर्जुन पुरस्कार १९८३ मध्ये सुमन शर्मा यांना मिळाला. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरूला महिलांच्या आशिया चषकाचा 'ब' गट झाला. अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून वरच्या गटात जागा मिळवली. दोन गुणांनी! त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा ही बातमी वाचली? मुळात ती छापून किती ठिकाणी आली, हा आधीचा प्रश्न.

राज्यातही सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली पोरं-पोरी रोज पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्या भरतीच्या अर्जावर 'खेळाडू' असा रकाना असतो. ठरावीक स्तरावरची पदकं आणि पडताळणी झालेलं प्रमाणपत्र असेल तरच तो भरता येतो. ज्या मुलीला कॉलेजात संघच मिळाला नाही, तिचा तो रकाना कायमचा कोरा राहतो. म्हणून म्हणतो, नोटीस बोर्डावरची ती तिरकी रेघ नुसत्या हौसेची गोष्ट नाही. ती थेट नोकरीपर्यंत जाते.

आपला हंगाम, आपला पाऊस

रायगडातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. विद्यापीठाचा क्रीडा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. आधी कॉलेजाकॉलेजांच्या स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, पुढे अखिल भारतीय. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्यात. आंतरविद्यापीठ स्पर्धेत १७ ते २५ वयापर्यंत खेळता येतं. शाळेत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, तालुक्यावरून जिल्हा, विभाग आणि राज्य अशी शिडी असते. शिडी छान आहे. कागदावर मुलगा आणि मुलगी दोघांसाठी ती सारखीच.

आता ती शिडी आपल्या पट्ट्यात आणून टेकवा. जून ते सप्टेंबर इथे कोसळणारा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. निवड होते नेमकी याच दिवसांत. उघड्या कोर्टावर शेवाळ धरतं, पाय घसरतो. ज्या कॉलेजाकडे छपराखालचं कोर्ट आहे, त्याची मुलं पावसाळाभर सराव करतात. आपली मुलं खिडकीतून पाऊस बघतात आणि मग सामन्याला जातात. हरल्यावर आपण म्हणतो, शहरातली मुलं तयारीची असतात. तयारीची असतात हे खरं, कारण त्यांच्या डोक्यावर पत्रा असतो.

त्यात मुलींचं गणित आणखी वेगळं. शेलूची मुलगी कर्जत, बदलापूर किंवा कल्याणला कॉलेजला जाते. सराव कॉलेज सुटल्यावर असतो. बदलापूरच्या पुढे गाड्या कमी, खोपोलीच्या बाजूला तर त्याहून कमी. एक गाडी चुकली की अंधार पडतो. स्टेशनपासून वाडीपर्यंतचा रस्ता, दिव्यांचे खांब, रिक्षा मिळते की नाही, घरचे काय म्हणतील. मुलगा सात वाजता घरी आला तर आई विचारते, "जेवतोस का?" मुलगी सात वाजता आली तर विचारतात, "होतीस कुठे?" ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या मुली डोंगर चढून-उतरून शाळा करतात, दम आणि चपळाई त्यांच्याकडे उपजत आहे. पण चार नंतरच्या सरावाला थांबणं त्यांना सर्वांत अवघड.

कोर्टाचे तीन भाग करून मुलीला एका भागात उभं करायचा नियम अमेरिकेत केव्हाच गेला. आपल्याकडे तो कोणी लिहिला नाही, पण गाडीच्या वेळापत्रकाने आणि बंद दिव्यांनी तो आजही पाळला जातोय.

मुंब्र्याच्या मुलींनी काय केलं

यावर आपल्याच मार्गावरचं उदाहरण आहे. मुंब्रा स्टेशन आपण रोज ओलांडतो. तिथे 'परचम' या गटाच्या मुलींनी साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी फुटबॉल खेळायचं ठरवलं. पहिली अडचण हीच की खेळायचं कुठे. प्रत्येक मैदानावर मुलांचा कब्जा. या मुलींनी सह्यांची मोहीम काढली, लोकप्रतिनिधीकडे गेल्या आणि मुलींसाठी मैदान मागितलं. बुरख्यातल्या, ओढणीतल्या, जीन्समधल्या, सगळ्या धर्मांच्या मुली एकत्र खेळायला लागल्या. पदकं किती मिळाली हा भाग वेगळा. मैदानात आपली वेळ लेखी मागता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. मुंब्र्यात जे जमलं ते शेलू-नेरळला का जमू नये?

अर्ध कोर्ट पुरतं

आता कोणी म्हणेल, एवढं मोठं कोर्ट आणायचं कुठून? पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं, त्यावर छप्पर म्हणजे मोठा खर्च. मान्य. पण खेळानेच त्यावर उपाय काढलाय. तीन विरुद्ध तीन हा बास्केटबॉलचा प्रकार टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ ला, पदकाचा खेळ झाला. कोर्ट १५ बाय ११ मीटर. रिंग एकच. संघात तीन खेळाडू आणि एक राखीव. सामना १० मिनिटांचा, किंवा जो आधी २१ गुण करेल तो जिंकला.

आणि यात एक गोष्ट पहिल्यांदा घडली. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा पुरुषांचा आणि महिलांचा एकाच वेळी आला. ४० वर्षांचं अंतर नाही, २३ नाही, २० नाही. शून्य.

चार मुली जमल्या की संघ तयार. पंधरा बाय अकराची जागा आपल्या प्रत्येक मोठ्या गावात निघू शकते. शाळेचं पटांगण, समाजमंदिराच्या बाजूची मोकळी जागा, बाजारासाठी घातलेलं पत्र्याचं छप्पर जे आठवड्याचे सहा दिवस रिकामं असतं. रिंग एका भक्कम खांबावर बसते आणि गावातला फॅब्रिकेशनवाला तो खांब करून देऊ शकतो.

म्हणून या हंगामाच्या आधी काही गोष्टी मागू या. भांडायचं नाही, पण लेखी मागायचं.

कॉलेजातल्या मुलामुलींनी: फीच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम असते ती बघा. त्यातून मुलांच्या संघावर किती आणि मुलींच्या संघावर किती खर्च होतो, हे प्राचार्यांना अर्ज करून विचारा. मुलींचा सराव सकाळच्या पहिल्या तासाआधी ठेवता येतो का, तेही विचारा. सकाळी गाड्या असतात आणि उजेडही असतो.

गावकऱ्यांनी: १५ ऑगस्टच्या आसपास ग्रामसभा होते. तिथे अर्ध्या कोर्टाचा आणि त्यावर छपराचा विषय घ्या. ठरावात एक ओळ आवर्जून घाला: आठवड्यातले इतके दिवस, इतक्या वेळेत हे कोर्ट मुलींसाठी. ही ओळ नसेल तर कोर्ट होईल आणि महिन्याभरात ते फक्त पोरांचं होईल.

संकुलांतल्या नव्या रहिवाशांनी: तुम्हीही आता शेलूकरच आहात. तुमच्या कोर्टावर दुपारी कोणी नसतं. आठवड्यातून दोन दिवस जवळच्या शाळेच्या मुलींसाठी गेट उघडायचा ठराव सोसायटीत मांडून बघा. सुरक्षेची काळजी असेल तर शाळेचे सर-बाई बरोबर येतील, यादी देतील.

आणि आयोजकांनी: गावच्या जत्रेला, मंडळाच्या वाढदिवसाला कबड्डीच्या रात्री होतातच. त्यात आधी मुलींचा एक सामना ठेवा. रात्री अकराला नको, संध्याकाळी सहाला. चषक तेवढाच मोठा, बक्षिसाची रक्कम तेवढीच आणि बॅनरवर नावंही तेवढ्याच अक्षरात.

नागपाड्यात एका माणसाने दार उघडं ठेवलं आणि त्यातून देशाचा कर्णधार निघाला. ते दार तेव्हा मुख्यतः मुलांसाठी उघडलं होतं. आपण उघडू ते दोघांसाठी उघडू. वेगळं काही करायला नको, नोटीस बोर्डावरच्या त्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना नावं भरली की झालं.

तुमच्या गावात, शाळेत किंवा कॉलेजात अशी जागा असेल, पूर्वी मुलींचा संघ असेल, कोणी ताई-मावशी तेव्हा खेळल्या असतील, तर खाली लिहा. आपल्या तालुक्याच्या खेळाचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही, तो असाच जमवावा लागेल. आणि ग्रामसभेत विषय मांडलात तर काय उत्तर मिळालं तेही कळवा. पुढची पोस्ट त्यावरच लिहीन.